भोक नसलेली बटणं

गल्लीतले सगळे शिंपी तिला काजताई म्हणत. कोट शिवून झाला, अस्तर लागलं, की काजांसाठी तो तिच्याकडे यायचा. काज मशीनवरही होतं, नाही असं नाही, पण चार धुण्यांत त्याचे धागे निघतात आणि मग बटण त्यात ठरत नाही. काजताई काजं हाताने करायची. मेण लावलेला रेशमी दोरा, प्रत्येक टाक्याला गाठ, आणि गाठीला गाठ अशी चिकटलेली की मध्ये सुईचं टोक शिरू नये. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. तिथे ताठ उभं राहिलं की डोकं पायरीला आपटायचं, म्हणून ती दिवसभर बसूनच असायची आणि गिऱ्हाइकालाही बसायला लावायची.

साठी उलटून गेली होती. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती असं काही उत्तर द्यायची की तो पुन्हा विचारत नसे. जीभ तिखट. एका शिंप्याने एकदा घाईघाईत काजांच्या खुणा वाकड्या करून कोट पाठवला, तर तिने तो तसाच परत धाडला आणि निरोप दिला, गिऱ्हाइकाला आधी वाकडं उभं राहायला शिकवा, मग मी वाकडी काजं करते. गल्ली हसली, शिंपीही हसला, आणि पुढच्या खेपेपासून पट्टी ठेवून खुणा करू लागला.

घरी मात्र ही जीभ गप्प असायची. घर पलीकडच्याच इमारतीत, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत काजताई, मागच्या खोलीत तिची आई. आई नव्वदीला टेकलेली, भुवईवर भाजल्याचा जुना डाग, डोळे पार गेलेले, हात तेवढे अजून शाबूत. काजताई तिला वेळेवर आंघोळ घालायची, नखं कापायची, गोळ्या द्यायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. सेवेत बोट ठेवायला जागा नव्हती. बोलणं मात्र कामापुरतं. ‘पाणी गरम आहे.’ ‘गोळी घेतलीस?’ ‘खिडकी लावू का?’ आईची उत्तरंही तेवढीच. शेजारणी म्हणायच्या, काय सेवा करते हो लेक. त्या घरात भांडण कधी ऐकू आलं नाही याचंही त्यांना मोठं कौतुक होतं.

ही अढी पन्नास वर्षांची होती आणि तिचं कारण होतं सहा बटणं.

काजताई तीन वर्षांची असताना वडील बोटीवर कामाला गेले. त्यांचा चेहरा तिला आठवत नव्हता. कुणाच्या तरी खांद्यावर बसल्याची उंची तेवढी आठवायची, आणि तो खांदा त्यांचाच असणार असं तिने ठरवून टाकलं होतं. वडील परत आले नाहीत. आई सांगायची, जपानला आहेत, तिथेच काम मिळालंय. मग तिच्या सहाव्या वाढदिवसाला आई कामावरून आली, दारातच थांबली, मूठ उघडली आणि एक बटण तिच्या हातावर ठेवलं. म्हणाली, ‘बाबांनी पाठवलंय तुला.’

अंगठ्याच्या पेराएवढं, पांढऱ्याशुभ्र चिनी मातीचं बटण. माती चिनी आणि बटण जपानी, हा विनोद ती पुढे आयुष्यभर करत आली. बटणावर एका म्हाताऱ्या देवाचं हसरं तोंड होतं, गाल फुगलेले, कानाच्या पाळ्या लोंबणाऱ्या, दाढीवर सोनेरी रेघ. पुढच्या वाढदिवसाला दुसरं आलं, दुसऱ्या चेहऱ्याचं. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरं. शिवायची नाहीत, नुसती जपायची, असं आईने बजावलं होतं. नाहीतरी ती शिवता आली नसती. अशा बटणाच्या पाठीला मातीचाच एक उंचवटा असतो आणि दोरा ओवायला त्यात आरपार भोक असतं. या बटणांची भोकं झिलईने बुजलेली होती, सगळ्यांचीच. लहान मुलीला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोठेपणी तिचं पोट काजाबटणांवर चालायला लागलं, तरीही वाटलं नाही. दुसऱ्या कुणाचं असं बटण दुकानात आलं असतं तर तिने ते बघताक्षणी गिऱ्हाइकाच्या हातात परत ठेवलं असतं. स्वतःची बटणं तिने त्या नजरेने कधी पाहिलीच नाहीत.

बाराव्या वाढदिवसाला काही आलं नाही. पोरगी दारात बसून राहिली. आई आली ती रिकाम्या हाताने.

‘या वर्षी नाही आलं,’ आई म्हणाली.

‘का?’

आई पायातल्या चपला काढत राहिली. पोरीने आपलं उत्तर आपणच शोधलं. ‘तू काहीतरी लिहिलंस त्यांना. माझ्याशी भांडतेस तशी त्यांच्याशीही भांडलीस. म्हणून थांबवलं त्यांनी.’

‘असेल,’ आई म्हणाली.

त्या एका ‘असेल’वर काजताईने पुढचं सगळं आयुष्य काढलं. आता विचार करा, लहान पोर कुणाच्या बाजूला जाणार? आई रोज दिसायची, रोज रागवायची, कपबशांच्या कुठल्याशा गोदामातून दमून यायची तेव्हा तिच्या केसांत पेंढ्याच्या काड्या असायच्या आणि बोलायला त्राण नसायचं. बाबा कधी दिसले नाहीत, म्हणून कधी रागावलेही नाहीत. वर्षातून एकदा ते समुद्रापलीकडून एक हसरं तोंड पाठवायचे. त्या दिवसानंतर पोरीने बटणांना आईचा हात लागू दिला नाही. आधी ती आईला खूप बोलायची, तुझ्यामुळे, तुझ्यामुळे. पुढे बोलायचाही कंटाळा आला आणि तिने कामापुरतं बोलणं सुरू केलं, ते तसंच राहिलं.

बटणं नेमकी कुठली, कुणी घडवली, हे शोधून काढायचं तिच्या डोक्यात फार वर्षांपासून होतं. बटणं सापडली की बाबा सापडतील, निदान त्यांचं गाव तरी. बोटीवर काम केलेल्या माणसांना तिने विचारलं, जुनं सामान विकणाऱ्यांना विचारलं. कुणी खांदे उडवले, कुणी विकत मागितली. साठी उलटल्यावर एका वर्षी आईचं हृदय थकल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि काजताईचा जीव टांगणीला लागला. आई जाण्याआधी तिला एक गोष्ट हवी होती. बाबा कुठे होते ते पुराव्यानिशी आईसमोर ठेवायचं, आणि आपणच त्यांना तोडलं, हे आईच्या तोंडून ऐकायचं. हे चांगलं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण हवं होतं.

अशात एक दिवस दातांच्या डॉक्टरीणबाई जिन्याखाली वाकून आत आल्या. दवाखाना बंद केल्यापासून त्यांना जुनी जपानी बटणं जमवायचा नाद लागला होता. लोकांचे दात काढून काढून हातांना रिकामं राहवेना, असं त्या स्वतःच सांगायच्या. त्यांच्या बटणांचं प्रदर्शन होतं आणि मखमलीच्या पाटावर ती बटणं शिवून हवी होती, दोरा न दिसता. त्यांनी डबा उघडला आणि काजताईचा हात थबकला. डब्यात तिचा म्हातारा होता. तेच फुगलेले गाल, तीच सोनेरी रेघ.

काजताईने कपाटाच्या मागून आपली डबी काढली. सहसा ती कुणासमोर ती उघडत नसे. डॉक्टरीणबाईंनी एक बटण उचललं, गालाला लावून गारवा पाहिला, मग हळूच पुढच्या दातावर वाजवलं.

‘अस्सल आहे,’ त्या म्हणाल्या. ‘सात देवांचा संच असतो हा. तुमच्याकडे सहा आहेत. कुठे मिळाले?’

‘वडिलांनी पाठवलेले. जपानहून.’

डॉक्टरीणबाईंनी बटण उलटं केलं आणि चष्मा कपाळावर चढवला. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. मग उरलेलीही पाहिली.

‘भोक बुजलेलं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘सगळ्यांचं. अशी बटणं दुकानात जातच नाहीत हो. मी इतकी वर्षं जमवतेय, एक पाहिलेलं नाही. ही विक्रीची नाहीत. रंग बसतोय का, चेहरा नीट उठतोय का, हे बघायला भट्टीतून आधी काही नमुने काढत असणार, त्यातली असावीत. आणि ती बाहेर येणार म्हणजे कुणाच्या हातून? आतल्याच माणसाच्या.’

‘आतल्या म्हणजे?’

‘भट्टीवर काम करणाऱ्या. काय करत होते तुमचे वडील?’

काजताईच्या हातातली सुई सुया खोचायच्या गादीत टोचायची राहून गेली. बाबा भट्टीवर होते. बटणं विकत घेऊन धाडत नव्हते, आपल्या हाताने काढून धाडत होते. तिचा ऊर भरून आला. त्या दिवशी तिने एका शिंप्याचा कोट उद्यावर ढकलला, आणि तिच्या बाबतीत ही नवलाची गोष्ट होती.

घरी गेल्या गेल्या ती आईच्या खोलीत शिरली आणि महिनाभरात बोलली नसेल इतकं एका दमात बोलली. आई उशीला टेकून बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

‘भट्टीवर होते तर,’ आई म्हणाली. ‘चांगलं काम होतं मग त्यांना.’

‘तुला ठाऊक होतं?’

‘नाही.’

‘मग विचारत का नाहीस काही? एवढी वर्षं मी शोधतेय, आज सापडलं, आणि तू म्हणतेस चांगलं काम होतं.’

‘बरं झालं सापडलं,’ आई म्हणाली. ‘तुला बरं वाटलं ना?’

काजताईला बरं वाटलं होतं, पण हे असं नको होतं. तिला आईचा चेहरा पडलेला पाहायचा होता. ती म्हणाली, ‘सातवंही आलं असतं. तू तोंड आवरलं असतंस तर.’

आईने मान भिंतीकडे वळवली. त्या दिवशी तिने ताटातलं निम्मं तसंच ठेवलं, आणि काजताईने ताट उचललं.

प्रदर्शन उरकल्यावर डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. त्यांच्या मनाने घेतलं होतं की सातवा देव शोधायचाच. पूर्वी या भागात जपानी माल आणणारा एकच व्यापारी होता, त्या म्हणाल्या. तो जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याची बायको आहे आणि घराच्या मागच्या खोलीत अजून माल पडून आहे. ‘मी मधूनमधून जाते तिच्याकडे. चला तुम्हीपण. तुमचा डोळा माझ्यापेक्षा बारीक आहे.’ काजताईने दुकानाला कुलूप लावलं.

मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत चालणाऱ्या, पण बोलायला खमक्या. त्यांनी दोघींना मागच्या खोलीत नेलं. भिंतीला लागून लाकडी खोकी रचलेली होती, एकाचं झाकण उघडं, आणि आत पेंढा. काजताई उंबऱ्यावरच थांबली. त्या पेंढ्याचा वास तिच्या ओळखीचा होता. धुळकट, किंचित गोडसर. तो आईच्या केसांचा वास होता. मनात काहीतरी हललं, पण कपबशांच्या गोदामात पेंढा असणारच, असं म्हणून ती आत गेली.

‘बटणं ना? थांबा,’ मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी फळीवरून बिस्किटांचा एक गंजलेला डबा काढून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. ‘हा मी तुम्हाला कधी दाखवला नाही. टाकाऊ माल. घरच्या मालाची अब्रू कशाला घालवायची म्हणून. पण आता मी किती दिवसांची? यातलं हवं ते बघा.’

जमिनीवर जुना पलंगपोस पसरून डबा त्यावर ओतला. हसऱ्या तोंडांचा ढीग झाला. काजताईने एक उचलून उलटं केलं. भोक बुजलेलं. दुसरं उचललं. बुजलेलं. तिने वरचं घेतलं, तळचं घेतलं, कडेचं घेतलं. डॉक्टरीणबाईंनीही चार-पाच पाहिली आणि चष्मा काढून हातात धरला.

‘काजताई, मी चुकले हो,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘नमुने नव्हेत हे. हा भाजताना बिघडलेला माल आहे.’

चूक त्यांची होती, पण ती जमवणाऱ्या माणसाचीच चूक होती. जे आपल्याला आजवर मिळालं नाही ते दुर्मिळच असणार, असं या लोकांना वाटतं. बाजारात बिघडलेलं बटण कधी येत नाही, म्हणून ते त्यांनी पाहिलेलं नसतं, इतकी साधी गोष्ट.

‘पण बिघडलेला माल इथपर्यंत आला कसा?’ काजताईने विचारलं.

‘खोकी भरताना तिकडे कोण एकेक बटण बघतंय?’ मालकीणबाई खाली बसल्या. ‘चांगलं-वाईट सगळं मिसळून यायचं, कपबशांच्याच खोक्यांत, कोपऱ्यांत कोंबलेलं. इथे बायका बसायच्या निवडायला. चांगलं उजवीकडे, खोटीचं डावीकडे. खोटीचं सगळं फोडून टाकायचं असा आमच्या यांचा नियम. नाहीतर तोच माल बाहेर स्वस्तात विकला जातो आणि आपला भाव पडतो. पण माणूस अगदीच कोरडा नव्हता. प्रत्येक बाईला वर्षातून एक खोटीची वस्तू घरी न्यायला द्यायचा. बाई म्हणेल ती, म्हणेल त्या दिवशी. कुणी कान तुटलेला कप न्यायची, कुणी बशी. एकीने तर सुपाचं भांडं नेलं होतं हे एवढं.’

‘आणि बटणं?’

‘बटण कोण नेणार बाई? भोक नसलेलं बटण काय करायचं?’ मालकीणबाई हसल्या. ‘एक होती खुळी. उंच, भुवईवर भाजल्याचा डाग. दर वर्षी एकाच दिवशी मागायची, मुलीचा वाढदिवस म्हणून. हे तिला म्हणायचे, अगं, किटली ने. चोच तेवढी उडालीय, चहा मुकाट पडतो त्यातून. तर म्हणायची, किटली आहे घरात. आणि काम सुटल्यावर हाच डबा पालथा करून बसायची. तास-तासभर. आधी नेलेलं तोंड पुन्हा जायला नको म्हणून एकेक उचलून बघायची. मी वैतागायचे, मला कुलूप लावायचं असायचं.’

मालकीणबाई डब्यात बटणं परत भरत पुढे बोलत राहिल्या. ‘किटली नसणारच तिच्या घरी. नवरा टाकून गेलेला. ज्यांच्या घरी किटल्या असतात त्या बायका पेंढ्यात बसायला येत नाहीत. मग एका वर्षी माल यायचाच बंद झाला, आम्ही गोदाम मिटलं, बायकांना घरी पाठवलं. ती मात्र पुन्हा आली होती एकदा. म्हणाली, या वर्षीचं द्या. हे घरी नव्हते आणि मला ठाऊक नव्हतं डबा कुठे ठेवलाय. मी म्हटलं, बाई, आता काम नाही तर वस्तू कसली? गेली बिचारी.’

डॉक्टरीणबाईंनी काजताईकडे पाहिलं आणि डबा बाजूला सारला. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. सातवा देव त्या ढिगात होता की नाही, हे दोघींनीही पाहिलं नाही.

परतताना काजताई चालत निघाली. तिच्या घरी किटली नव्हती. चहा पातेल्यात व्हायचा आणि ती पेल्यातून प्यायची, आई पातेल्यातूनच. घरात कप एक नव्हता, आणि आई कपबशांच्या गोदामात कामाला, यावरून तिने लहानपणी आईला टोमणाही मारला होता. तो तिला आता शब्दाशब्दाने आठवला. बाराव्या वाढदिवसाला आई रिकाम्या हाताने आली ती कुठून आली होती, हेही कळलं. काम गेलेलं होतं, गोदामाच्या दारातून परत पाठवलेलं होतं, आणि घरी पोरगी दारात बसून विचारत होती, का नाही आलं. त्यावर आईने दोन शब्दांत खरं सांगितलं असतं तर स्वतः सुटली असती. तिने ‘असेल’ म्हणून सगळं आपल्या अंगावर घेतलं. काजताईला रस्त्यातच हुंदका आला. तिला लाज वाटत होती, आणि तिचा बापही आज पहिल्यांदाच गेला होता. तो कुठेच नव्हता. भट्टीवर नव्हता, जपानमध्ये नव्हता. त्याने वर्षातून एकदासुद्धा तिची आठवण काढलेली नव्हती.

आता घरी जाऊन काय करायचं, हा खरा पेच होता. आईला सांगितलं तर माफी मागता येईल. पण मग आईने जन्मभर सांभाळलेली गोष्ट तिच्या हातातून काढून घेतल्यासारखं होईल, तीही अशा दिवसांत. न सांगावं तर आई तशीच जाईल, लेकीने शेवटपर्यंत दोष दिला असं मनात घेऊन. जिना चढेपर्यंत काजताईचं काही ठरलं नव्हतं.

आई पलंगाच्या कडेला बसून धुतलेल्या पायमोज्यांच्या जोड्या लावत होती. एरवी काजताई दारात उभी राहून बोलायची. आज ती जाऊन शेजारी बसली. आईने हातातलं काम थांबवलं. काजताईने डबी उघडली आणि सहाही बटणं आईच्या ओंजळीत ठेवली.

‘काय गं हे?’

‘बघ.’

आईने ओंजळ मांडीवर रिती केली आणि एक बटण उचललं. अंगठा चेहऱ्यावरून फिरला. मग बटण उलटं झालं, अंगठ्याचं नख मागच्या उंचवट्यावर गेलं, भोक शोधू लागलं. सापडलं नाही. हात आपोआप डावीकडे गेला आणि बटण चादरीवर डाव्या अंगाला ठेवलं गेलं. दुसरं उचललं, उलटं केलं, नख फिरवलं, डावीकडे ठेवलं. तिसरं. त्या हाताला कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. चौथं बटण उचलल्यावर आई थांबली. हात हवेत राहिला. मग तिने घाईने चादर चाचपून ठेवलेली बटणं गोळा केली आणि सगळी मुठीत धरली.

‘तुझ्या बाबांनी पाठवलेली,’ ती म्हणाली. ‘जपानहून.’

काजताईने त्या मुठीवर हात ठेवला. ती म्हणाली, ‘एकही तोंड दुसऱ्यासारखं नाही गं, आई.’

आईने मान लेकीच्या आवाजाकडे वळवली. तिची मूठ तशीच होती.

‘नसणारच,’ ती शेवटी म्हणाली. ‘तू पहिल्याच वर्षी म्हणाली होतीस, बाबांना सांग पुढच्या वेळी वेगळं धाडा. एकाच तोंडाची फार असायची त्या डब्यात. फार शोधावं लागायचं.’

काजताईने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती रडली. इतक्या वर्षांत आईने तिचं रडणं ऐकलं नव्हतं, त्यामुळे आधी तिला ते काय आहे हे कळायलाही वेळ लागला. मग तिने पायमोजे बाजूला सारले आणि लेकीचं डोकं हाताने चाचपलं.

‘मी तुला फार बोलले, आई.’

‘बोललीस,’ आई म्हणाली. तिने नाही म्हटलं नाही, आणि जाऊ दे असंही म्हटलं नाही.

‘त्याच दिवशी सांगून टाकायचंस. मी इतकं बोलले तेव्हा तरी सांगायचंस.’

‘काय सांगायचं? तो कुठल्या बोटीवर गेला तेही मला ठाऊक नव्हतं. सांगितलं असतं तर तुझ्याकडे काय उरलं असतं?’ आईने लेकीचा हात शोधून काढला आणि बटणं त्यात ठेवून वरून तो मिटवला. ‘मी तर घरात होतेच. बाप नव्हता, तो सहा वर्षं पुरवला. सातव्या वर्षी नाही जमलं गं मला.’